पिचरचा हिवाळा

क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज लांबून धावत येतो आणि त्या धावेत कमावलेला वेग क्रीझवर पुढचा पाय रोवून हाताकडे वळवतो. बेसबॉलच्या पिचरला धावायची मुभा नाही. मैदानात दहा इंच उंचीचा मातीचा उंचवटा असतो, त्याला माउंड म्हणतात. माउंडच्या माथ्यावर रबराची एक पांढरी पट्टी पुरलेली असते. पिचर त्या पट्टीला पाय टेकवून उभा राहतो, दुसरा पाय उचलतो, उतारावर एकच लांब पाऊल टाकतो आणि १८.४४ मीटरवर, बॅटरजवळ असलेल्या होम प्लेटकडे चेंडू सोडतो. या फेकीला पिच म्हणतात. व्यावसायिक पिचरचा चेंडू ताशी १४५ किलोमीटर किंवा त्याहूनही वेगानं जातो आणि बॅटरपर्यंत पोचायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. एवढा वेग त्या एका पावलातून उभा करायचा असतो.

म्हणून पिचिंगची सुरुवात पायात होते. मोठ्या पिचरचं पाऊल साधारणपणे त्याच्या उंचीच्या ऐंशी-पंच्याऐंशी टक्के लांब पडतं. पाऊल टेकतं तेव्हा कंबर बॅटरकडे वळायला लागलेली असते, छाती मात्र अजून आडवीच असते. धडात पडलेला हा पीळ पिचरचं खरं भांडवल. पुढचा पाय घट्ट रोवला की पीळ सुटतो, छाती झपकन समोर येते आणि हात मागे राहतो. इतका मागे, की कोपरापासून पुढचा भाग जवळजवळ जमिनीला समांतर होतो आणि तळहात आकाशाकडे वळतो. तिथून चेंडू सुटेपर्यंत सेकंदाचे जेमतेम तीन ते पाच शतांश लागतात. तेवढ्यात दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत सेकंदाला सुमारे ७,००० अंश या वेगानं आतल्या बाजूला फिरतं. त्याच वेगानं ते फिरत राहिलं असतं, तर सेकंदाला एकोणीस फेऱ्या झाल्या असत्या. माणसाच्या शरीरात मोजल्या गेलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. आणि चेंडू सुटल्यावर याच हाताला थांबवायचं कामही उरतंच. ते खांद्याच्या मागचे लहानसे स्नायू करतात.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बर्मिंगहॅममध्ये, अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट ही संस्था आहे. डॉ. जेम्स अँड्र्यूज या शल्यविशारदांनी ती १९८७ साली स्थापन केली. पिचरच्या अंगावर चमकत्या खुणा लावायच्या, वेगवान कॅमेऱ्यांनी चित्रण करायचं आणि प्रत्येक सांध्यावर किती जोर येतो ते गणितानं काढायचं, हे काम तिथे ग्लेन फ्लाइसिग आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं करत आले आहेत. त्यांच्या मोजमापानुसार व्यावसायिक पिचरच्या कोपराला आतल्या बाजूनं सुमारे ६४ न्यूटन-मीटर एवढा पिळाचा ताण पेलावा लागतो. हातात सत्तावीसेक किलोचं वजन लटकवलं तर कोपरावर जेवढा भार येईल, तेवढा हा ताण, आणि तो प्रत्येक जोरदार पिचला येतो. कोपराच्या आतल्या बाजूला हा भार घेणारं एक लिगामेंट आहे. मृतदेहांवरच्या चाचण्यांत ते लिगामेंट एकटं साधारण निम्म्या भारालाच तुटलं. म्हणजे उरलेला वाटा भोवतीचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की तो वाटा कुणाच्या अंगावर पडतो, हे ओळखणं अवघड नाही.

हेच लिगामेंट १९७४ च्या जुलैमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सच्या टॉमी जॉन या डावखुऱ्या पिचरचं तुटलं. डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या मनगटाजवळचा एक टेंडन काढून कोपरात बसवला. तोवर असं कुणी केलं नव्हतं. जॉन १९७६ मध्ये मैदानावर परतला आणि त्यानंतर त्यानं १६४ सामने जिंकले. शस्त्रक्रियेला आज त्याचंच नाव आहे. या यशाची एक बाजू मात्र मन विषण्ण करणारी आहे. अनुभवी, पगारी खेळाडूसाठी शोधलेली ही शस्त्रक्रिया आता शाळकरी मुलांवर होते. २००७ ते २०११ या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशा शस्त्रक्रियांपैकी निम्म्याहून जास्त पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांवर झालेल्या निघाल्या.

त्याहून लहान मुलाचं दुखणं वेगळं असतं. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चेचा एक थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. हाड लांब होतं ते तिथूनच. बारा-तेराव्या वर्षी हा थर लिगामेंटपेक्षा कच्चा असतो. त्यामुळे ताण वाढला की लिगामेंट तुटण्याआधी हा थर उसवतो. कोपरात झालं तर त्याला ‘लिटल लीगर्स एल्बो’ म्हणतात, खांद्यात झालं तर ‘लिटल लीगर्स शोल्डर’. मुलांच्या सर्वांत मोठ्या बेसबॉल संघटनेचं नाव एका दुखण्याला चिकटावं, यावरून ते किती नेहमीचं आहे ते कळतं.

याच वयात मैदानही बदलतं. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतची मुलं ४६ फुटांवरून, म्हणजे सुमारे १४ मीटरवरून पिच करतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना मोठ्या मैदानावर जावं लागतं, आणि तिथलं अंतर थेट मोठ्या माणसांचं, ६० फूट ६ इंच. बहुतेक मुलांची उंची झपाट्यानं वाढण्याचं वयही तेच. हातपाय लांबतात, पण ते कुठे आहेत याचा शरीराला असलेला अंदाज मागे पडतो. काल जमणारी हालचाल आज गडबडते. वर चेंडू साडेचौदा फूट जास्त लांब पोचवायचा असतो. मग मुलगा मागे रेलतो, छाती आकाशाकडे नेतो, पुढचा खांदा वेळेआधी ओढून घेतो आणि सगळा जोर दंडातून काढतो. प्रशिक्षकांच्या भाषेत तो ‘लवकर उघडतो’. पाऊल टेकण्याआधीच छाती वळली, तर कोपरावरचा ताण वाढतो, असं अभ्यासांतूनही दिसलं आहे. माझ्या मते बारावं आणि तेरावं वर्ष यांच्यामधला हिवाळा हा पिचरच्या आयुष्यातला सर्वांत मोलाचा काळ आहे, आणि या प्रकरणाचा उरलेला भाग त्याच हिवाळ्याबद्दल आहे.

आधी हिवाळ्याची चोरी कशी होते ते पाहू. वसंतात लीगचे सामने, उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दुसरा संघ, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘फॉल बॉल’, आणि थंडीत बंदिस्त हॉलमध्ये वेग मोजून घेण्याचे मेळावे. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियासारख्या उबदार राज्यांत तर बर्फही मुलाच्या मदतीला येत नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या तरुण पिचरांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. वर्षातून आठ महिन्यांहून जास्त सामने खेळणाऱ्यांना शस्त्रक्रियेचा धोका पाचपट आढळला. हात थकलेला असताना नेहमी पिच करणाऱ्यांना तो छत्तीसपट होता. २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या अभ्यासात ४८१ मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतला होता. वर्षात शंभरहून जास्त इनिंग्ज टाकणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट निघाला.

लिटल लीगनं २००७ पासून इनिंग्जऐवजी पिच मोजायला सुरुवात केली: अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५, तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ९५, आणि ६६ किंवा अधिक पिच झाल्या की चार दिवस सुट्टी. २०१४ मध्ये मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ ही मार्गदर्शिका काढली. वर्षातून किमान चार महिने फेकणं बंद ठेवावं आणि त्यातले दोन-तीन महिने सलग असावेत, असं ती सांगते. पण मुलगा दोन संघांत खेळत असेल, तर एका संघाच्या प्रशिक्षकाला दुसऱ्याकडची बेरीज ठाऊक नसते. ती आई-वडिलांनीच वहीत मांडायला हवी. अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलंही आता या मैदानांवर दिसतात. त्यांच्या आई-वडिलांना खेळाचे सगळे बारकावे माहीत असायची गरज नाही, ही एक वही ठेवली तरी मोठं काम होईल.

थांबवण्याचा निर्णय किती जड असतो, हे जपानमध्ये दिसलं. २०१९ च्या जुलैमध्ये इवाते प्रांतातल्या ओफुनातो शाळेचा पिचर रोकी सासाकी यानं एका सामन्यात १९४ पिच टाकल्या आणि उपांत्य सामन्यात आणखी १२९. दुसऱ्याच दिवशी अंतिम सामना होता. तो जिंकला असता, तर संघ कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेत गेला असता. जपानमधली शाळकरी मुलं त्या स्पर्धेची स्वप्नं पाहत मोठी होतात. सासाकीच्या प्रशिक्षकांनी त्याला खेळवलं नाही. संघ हरला, आणि प्रशिक्षकांवर देशभरातून टीका झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये वीस वर्षांच्या सासाकीनं व्यावसायिक सामन्यात एकाही बॅटरला बेसवर पोचू न देता परफेक्ट गेम टाकला. त्यात एकोणीस बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाले, त्यातले तेरा लागोपाठ. त्या दिवशी खेळला असता तर त्याचा हात गेलाच असता असं कुणी सिद्ध करू शकत नाही. पण मुलाच्या हाताच्या बाबतीत चूक व्हायचीच असेल, तर ती सावधपणाच्या बाजूनं व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

आता समजा, ओहायोतला एक मुलगा आहे. ऑक्टोबरअखेर त्याचा शेवटचा सामना झाला आणि मार्चअखेर तो मोठ्या मैदानावर उतरणार आहे. हातात पाच महिने आहेत. त्यातले पहिले दोन चेंडूला हात लावायचा नाही; चारपैकी उरलेले दोन महिने पुढे वर्षभरात काढायचे. हे मुलाला पटवणं हीच पहिली कसोटी, कारण त्याचा शेजारचा मित्र हॉलमध्ये जाऊन फेकत असतो. या दोन महिन्यांत त्यानं बास्केटबॉल खेळावा. धावावं, उड्या माराव्यात, दिशा बदलावी. दाराच्या चौकटीवर दर महिन्याला पेन्सिलीनं उंचीची खूण करावी. एकदम मोठी झेप दिसली, तर पुढच्या महिन्यांचा सगळा बेत सैल करावा.

नोव्हेंबरच्या मध्यापासून ताकदीचं काम सुरू होतं आणि तेही खालून वर. एका पायावर उभं राहून हळूहळू खाली बसणं, पुढे आणि बाजूला मोठं पाऊल टाकून गुडघा वाकवणं, पाठीवर पडून एका पायाच्या बळावर कंबर उचलणं. मुलगा एका पायावर बसताना गुडघा आत कोसळत असेल, तर माउंडवर पुढचा पाय रोवताना तो पाय टिकणार नाही. कितीही सांगितलं तरी नाही. अनेक ‘तंत्राच्या’ चुका अशा ताकदीच्या किंवा लवचिकपणाच्या चुका असतात. खुब्याचा सांधा आखडलेला असेल, तर कंबर छातीच्या आधी वळूच शकत नाही. अशा मुलाला तंत्र शिकवत बसण्यापेक्षा खुबा मोकळा करून द्यावा. मग खांद्याची पाळी. रबरी पट्ट्या दाराला बांधून हात बाहेर वळवणं, पालथं पडून हात ‘वाय’ आणि ‘टी’ या अक्षरांसारखे उचलणं, पट्टी ओढून खांद्याचे फरे एकमेकांजवळ आणणं. या व्यायामांना हलकं वजनच लागतं, आणि ते दिसायला मुळीच रुबाबदार नसतात. हात थांबवणारे मागचे लहान स्नायू त्यांतूनच तयार होतात.

तंत्र बदलण्यासाठी हिवाळाच का? सामन्यात मुलाचं लक्ष निकालावर असतं. दोन चेंडू भरकटले की तो जुन्या, ओळखीच्या हालचालीकडे परततो आणि त्यात त्याचा दोष नाही. हिवाळ्यात समोर बॅटर नसतो, धावफलक नसतो. चार मीटरवर जाळी असते. चेंडू कुठे गेला याला काही किंमत नसते, म्हणूनच नवी हालचाल वेडीवाकडी का होईना करून पाहता येते.

जानेवारीत फेकणं सुरू होण्याआधी टॉवेल येतो. टॉम हाउस या प्रशिक्षकाशी हा सराव जोडला जातो. मुलगा चेंडूऐवजी लहान टॉवेलचं टोक बोटांत धरतो, पूर्ण पिचची हालचाल करतो आणि समोर उभा असलेला जोडीदार ग्लोव्ह धरतो. पाऊल पुरेसं लांब पडलं आणि छाती पुढे गेली, तरच टॉवेल ग्लोव्हवर फटकारतो. मागे रेललेल्या मुलाचा टॉवेल हवेत फिरतो, आणि चूक त्याची त्यालाच दिसते. टॉवेलनं सगळं साधतं असं मी म्हणणार नाही. पण हिवाळ्याच्या सुरुवातीला पावलाची आणि छातीची जाणीव जागी करायला तो पुरतो.

हाउस यांचं नाव भारतीय वाचकाला आणखी एका कारणानं ऐकू आलं असेल. २००८ साली भारतात ‘मिलियन डॉलर आर्म’ ही दूरचित्रवाणी स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू निवडले गेले. दोघांना हाउस यांच्याकडे, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात, पाठवलं. त्याआधी दोघांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. काही महिन्यांनी, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं. भालाफेकीतही पुढचा पाय रोवून खालचा वेग वर चढवायचा असतो. त्यांचं शरीर ही साखळी आधीपासून जाणत होतं. पायापासून हातापर्यंतचा क्रम अंगात मुरलेला असला की चेंडू पकडण्याची पद्धत नंतरही शिकता येते.

जानेवारीतलं फेकणं पंधरा मीटरवरून, हलक्या हातानं, आठवड्यातून तीन दिवस आणि मध्ये एकेक दिवस मोकळा. दर आठवड्याला थोडं अंतर वाढतं, मग थोडा जोर. इथे साधा मोबाइल फोन उपयोगी पडतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा कॅमेरा आता अनेक फोनमध्ये असतो. बाजूनं आणि समोरून एकेक चित्रण करावं आणि एकाच चित्रावर थांबावं: पुढचा पाय जमिनीला टेकतो ते चित्र. त्यात तीन गोष्टी पाहायच्या. छाती अजून बाजूला आहे का? फेकणारा हात खांद्याच्या उंचीपर्यंत वर आला आहे का, की अजून कमरेशी रेंगाळतोय? पाऊल होम प्लेटच्या दिशेनं पडलंय का, की आडवं? हात उशिरा वर आला, तर पुढची सगळी साखळी घाईत पार पडते आणि त्याची किंमत कोपर मोजतं. एका आठवड्यात यातली एकच गोष्ट हातात घ्यावी.

सूचना कशी द्यावी, यालाही महत्त्व आहे. मैदानावर सर्रास ऐकू येणारी सूचना म्हणजे ‘कोपर वर!’. ती ऐकून मुलगा कोपराचा विचार करू लागतो आणि हालचाल ताठरते. लक्ष शरीराच्या अवयवाऐवजी बाहेरच्या परिणामावर असेल तर हालचाल चांगली शिकली जाते, हे गॅब्रिएले वुल्फ यांच्यासह अनेकांच्या प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून ‘छाती कॅचरच्या मास्कवर ने’ किंवा ‘पाऊल त्या रेषेपलीकडे टाक’ असं सांगावं. मुलगा ग्लोव्हकडे पाहतो आणि कोपर आपोआप जागेवर येतं.

फेब्रुवारीत एक मोह दार ठोठावतो, जड चेंडूंचा. नेहमीचा चेंडू पाच औंसांचा, सुमारे १४२ ग्रॅमचा असतो. त्याहून जड चेंडू फेकून वेग वाढवण्याचे कार्यक्रम सध्या जोरात आहेत, आणि वेग वाढतो हे खरं आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तेरा ते अठरा वर्षांच्या पिचरांनी सहा आठवडे असा सराव केला. त्यांचा वेग सुमारे तीन टक्क्यांनी वाढला, आणि त्यांच्यापैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुलांना दुखापत झाली. वाढ पूर्ण झालेल्या, जाणत्या देखरेखीखालच्या पिचरसाठी या चेंडूंचा विचार होऊ शकतो. ग्रोथ प्लेट उघडी असलेल्या मुलाच्या हातात ते देऊ नयेत.

वेगाची ही घाई अनाठायीही आहे. फ्लाइसिग यांच्या गटानं १९९९ मध्ये लहान मुलांपासून व्यावसायिकांपर्यंतच्या पिचरांची तुलना केली. सांध्यांचे कोन आणि हालचालींचा क्रम सगळ्या वयांत बहुतांशी सारखाच निघाला. बदलत गेला तो जोर. कोपरावरचा ताण मुलांत सुमारे २८ न्यूटन-मीटर, माध्यमिक शाळेत ४८, महाविद्यालयात ५५ आणि व्यावसायिकांत ६४. शरीर भरेल तसा वेग येणारच आहे. तेराव्या वर्षी नीट बसवलेला क्रम मात्र पुढे तसाच कामी येतो.

फेब्रुवारीच्या मध्यावर आपला मुलगा माउंडवर चढतो. पहिल्या दिवशी पंधरा पिच, सगळ्या फास्टबॉल, सत्तर टक्के जोरानं. दोन आठवड्यांनी पंचवीस, आणि त्यात चेंज-अप, म्हणजे फास्टबॉलसारखा भासणारा पण संथ चेंडू; मुलांच्या हातावर सर्वांत कमी ताण याच पिचचा येतो. वेग मोजणारी रडार गन हॉलच्या कपाटात राहू द्यावी. मार्चच्या सुरुवातीला जोर पूर्ण होतो, आकडा पस्तीसच्या आसपास जातो, आणि प्रत्येक सरावानंतर वडील एकच प्रश्न विचारतात, ‘कुठे दुखतंय?’ स्नायू आंबल्यासारखा वाटत असेल तर एक दिवस जास्त सुट्टी. कोपराच्या आतल्या बाजूला बोट ठेवून मुलगा ‘इथे’ म्हणाला, तर फेकणं त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांची वेळ घ्यायची, पहिला सामना आठवड्यावर आला असला तरी.